सल्ला कोणी कोणाला द्यायचा?

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडच्या बाहेर रस्त्याकडेला पाच-सात पालं पडली होती. एका विद्यापीठाची संशोधक मुलगी प्रश्नावली घेऊन आली होती आणि वाट दाखवायला म्हणून मी बरोबर गेलो होतो. घरात माणसं किती, शाळेत कोण जातं, जातीचा दाखला आहे का, फासे कशाचे विणायचात... दीड तास चाललं. पारध्याच्या म्हातारीनं सगळ्याची उत्तरं दिली, मधे दोनदा चहा पाजला. मुलगी उठायला लागली तेव्हा म्हातारी म्हणाली, “बाई, ह्ये लिव्हलेलं आमाला कवा वाचून दावनार?” मुलगी गोरीमोरी झाली. प्रबंध इंग्रजीत व्हायचा होता.

म्हातारीचा हा प्रश्न जगात इतरांनीही विचारला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली: आमच्याकडे यायचं तर आदर ठेवा, खरं बोला, वाटा न्यायानं द्या. कॅनडात मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबल्याचा इतिहास सत्यशोधन आयोगानं 2015 मध्ये 94 शिफारशींसह मांडला. त्यानंतर तिथल्या विद्यापीठांत मूलनिवासी सल्लागार मंडळांना जोर आला. जमातीतली वडीलधारी माणसं कुलगुरूंसमोर बसतात. काय शिकवावं, कशावर संशोधन करावं, यावर बोलतात.

आपल्याकडे अशी मंडळं का हवीत, हे केरळातल्या काणी जमातीच्या गोष्टीवरून कळतं. 1987 मध्ये अगस्त्य डोंगररांगांत फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना वाटाड्या काणींनी एका वनस्पतीची फळं खायला दिली. खाल्ल्यावर थकवा पळाला. त्या ‘आरोग्यपच्चा’पासून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं आणि 1995 मध्ये ते बनवण्याचा परवाना एका आयुर्वेदिक कंपनीला 10 लाख रुपयांना दिला गेला. संशोधन संस्थेनं त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. जगभर वाहवा झाली, आणि तेव्हाच्या मानानं ती रास्तही होती. पण वाटा किती आणि तो कोणाच्या हातात, हे ठरवताना काणींची पंगत शेवटची होती.

तसा सल्लागार परिषदेचा साचा आपल्या राज्यघटनेतच आहे. पाचव्या अनुसूचीत जनजाती सल्लागार परिषद सांगितली आहे. तिचे सदस्य जास्तीत जास्त 20, त्यातले तीन चतुर्थांशाच्या आसपास अनुसूचित जमातींचे आमदार. काम काय, तर राज्यपाल जे विचारतील त्यावर सल्ला देणं. विचारलं तर सांगायचं!

विद्यापीठांचं गणितही फार वेगळं नाही. 27 सप्टेंबर 2011 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं काढून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्याच्याकडे आले. गडचिरोलीत दर पाच माणसांमागे जवळपास दोन आदिवासी. 2016 च्या कायद्याप्रमाणे राज्यातल्या इतर विद्यापीठांसारखंच इथेही अधिसभेवर 10 पदवीधर निवडून जातात आणि त्यात अनुसूचित जमातीसाठी राखीव जागा एक. जंगलातली झाडं पानागणिक ओळखणारा गोंड म्हातारा पदवीधर नसतो, म्हणून त्याला तिथे मतही नाही. नाव मात्र गोंडवाना.

पण त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) आहे. जेमतेम शंभरेक उंबऱ्यांचं गोंड गाव. त्यानं हा सगळा प्रकार उलटा करून ठेवला, आणि तोही विद्यापीठ स्थापन व्हायच्या कितीतरी आधी.

ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन पेटलं. त्यातून मेंढ्याच्या लोकांना कळलं की धरण थांबवता येतं, पण जंगल आपलं आहे हे सांगायला आधी ते नीट माहीत हवं. देवाजी तोफा हे गावातलं नाव त्यातूनच पुढे आलं. मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आले. पुढारी व्हायला नाही, शिकायला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आता पाठ्यपुस्तकी वाटते. तिच्यामागची कामाची पद्धत मात्र फारशी कोणी बघत नाही.

गावात दोन बैठका असतात. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यास गट. अभ्यास गटात नुसतं समजून घ्यायचं. वनाधिकारी, प्राध्यापक, वकील, कोणालाही बोलवावं. त्यानं माहिती सांगावी, वाद घालावा, जेवून जावं. निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीनं. एकाचं जरी मन मानलं नाही तरी विषय पुढच्या सभेला. ग्रामसभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष असावाच लागतो. म्हणजे सल्लागार मंडळ गावाचं, आणि सल्लागार आपण शहाणे!

मधाचं उदाहरण घ्या. आग्या मोहोळाचा मध काढायचा म्हणजे पूर्वी खाली जाळ करायचा. माशा मरायच्या, पोळंही जायचं. अभ्यास गटात माशांवर चर्चा झाली, जाणकार आले, आणि पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापून बाकीचं शाबूत ठेवायची रीत पुढे आली. ती कोणाच्या प्रबंधात सापडेल की नाही, ठाऊक नाही. जंगलात सापडते.

बांबूची लढाई मोठी होती. शेजारचा बांबू कागद कारखान्याला आणि गावाला मात्र टोपलीपुरताही परवानगीनं, असा कारभार. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. कायद्याचा अर्थ इथे गावानं सरकारला समजावला.

मेंढ्याची फार आरती ओवाळू नये. शंभर घरांची सहमती आणि शेकडो महाविद्यालयांचं विद्यापीठ यांत अंतर आहे, आणि विद्यापीठाचं सत्र कोणाचं मन मानेपर्यंत थांबत नाही. याच तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवून नोटीस धाडली. गोंडवाना विद्यापीठानंही पुढे ‘विद्यापीठ आपल्या गावात’ म्हणून शिक्षण सुटलेल्यांसाठी गावातच वर्ग काढले. चांगलंच केलं. पण वर्ग गावात नेणं वेगळं, आणि अभ्यासक्रम ठरवताना गावाला बोलावणं वेगळं.

आमच्याकडे, मराठवाड्यात, हे आणणं अवघड. दिंद्रुड ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं, त्याच्या नावासाठी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षं झुंज चालली. पालावरच्या माणसाला सल्लागार करायचं म्हटलं तर काय होईल? शिवाय मूलनिवासी कोणाला म्हणायचं, इथूनच पेच. बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जमातींचे लोक दीड टक्क्याहूनही कमी. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, इथे विमुक्तांत. 1871 च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 31 ऑगस्ट 1952 रोजी विमुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पालाकडे वळते. त्या माणसांनी विद्यापीठाच्या टेबलावर येऊन काय बोलावं, अशी आपली अपेक्षा आहे?

तरी समजा, परिषद नेमलीच. मग आधी भाड्याचं बघा. दिंद्रुडहून छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात, जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडला. मजुरी बुडाली ती कोण देणार? शिवाय तारीख. बैठक हिवाळ्यात लागली, तर आमच्या तांड्यावरची, पालावरची निम्मी घरं तेव्हा उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेली असतात. दसरा-दिवाळीला गाड्या निघतात, गुढीपाडव्यानंतर परततात. पुढच्या दसऱ्यापर्यंत माणसं घरी सापडतात. बैठक ठेवायची तर आषाढात ठेवा, आणि दिंद्रुडला ठेवा. चहा म्हातारी करील.