इंजिनाचा दिवा काय सांगतो?

आमचे एक स्नेही अमेरिकेत ओहायो राज्यात राहतात. त्यांच्याकडे १९९१ सालचा एक जुना पिकअप ट्रक आहे. (ट्रक म्हटल्यावर आपल्याकडचा मालट्रक डोळ्यांपुढे आणू नये. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, असे हे पेट्रोलवर चालणारे वाहन.) या ट्रकच्या डॅशबोर्डवरचा ‘इंजिन तपासून घ्या’ अशा अर्थाचा पिवळा दिवा एके दिवशी लागला. स्नेह्यांनी त्या दिव्याकडून दोषाचा क्रमांक काढून घेतला. तो निघाला ४४. पुस्तिकेत ४४ समोर लिहिले होते, ‘ऑक्सिजन सेन्सर: मिश्रण लीन’, म्हणजे इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला, क्रमांक तोच. नवा सेन्सरच खराब निघाला असेल म्हणून त्यांनी दुसऱ्या दुकानातून आणखी एक आणला. दिवा काही विझेना. दरम्यान गाडी पेट्रोल जास्त पिऊ लागली होती आणि सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. शेवटी त्यांनी आम्हाला फोन करून विचारले, “काँप्युटर म्हणतो पेट्रोल कमी पडतंय, नाक म्हणतं जास्त होतंय. खरं कुणाचं मानायचं?”

खरे दोघांचेही होते. ते कसे, हे समजण्यासाठी मुळात मोटारीत काँप्युटर का आला, इथून सुरुवात करावी लागेल.

१९४०च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुरके साचू लागले. डोळे चुरचुरत, पिकांची पाने करपत. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. पुढे १९७० साली अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला आणि १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक मोटारींच्या धुराच्या मार्गात उत्प्रेरक बसला. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकाच वेळी बंदोबस्त करणारे उत्प्रेरक त्यानंतर काही वर्षांनी आले. त्यांची एक अट मात्र फार काटेकोर आहे. इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके हवे.

हे प्रमाण नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून काढून घेता येते. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. ढोबळमानाने त्यात एका कार्बनमागे दोन हायड्रोजन आहेत असे धरू. अशा १४ ग्रॅम इंधनाला पूर्ण जळायला ४८ ग्रॅम ऑक्सिजन लागेल. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे हवा लागेल सुमारे २०९ ग्रॅम. २०९ ला १४ ने भागले की उत्तर १५ च्या जवळ येते. खऱ्या पेट्रोलमध्ये हायड्रोजन किंचित कमी असल्याने १४.७ हा आकडा धरतात. कागद-पेन्सिलीने इतके जवळ जाता येते, याचे विद्यार्थ्यांना नेहमी नवल वाटते.

कार्ब्युरेटरला इतका काटेकोरपणा जमणे अवघड होते. म्हणून धुरात उरलेला ऑक्सिजन मोजायचा आणि त्याप्रमाणे पेट्रोल क्षणोक्षणी कमी-जास्त करायचे, अशी योजना आली. हे मोजमाप करणारा ऑक्सिजन सेन्सर म्हणजे झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनीमातीची, टोपी. तिच्या आतबाहेर प्लॅटिनमचा पातळ थर असतो. आत बाहेरची हवा, बाहेर इंजिनाचा धूर. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की या मातीतून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीनुसार व्होल्टेज निर्माण होते. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर जेमतेम ०.१ व्होल्ट, जवळजवळ नसेल तर ०.९. काँप्युटर ०.४५ ही मधली रेषा धरतो. व्होल्टेज तिच्या वर गेले की पेट्रोल कमी करतो, खाली गेले की वाढवतो. त्यामुळे निरोगी इंजिनात हे व्होल्टेज सतत वर-खाली झुलत असते. एका जागी थांबले, तर काहीतरी बिघडले आहे.

असे बिघाड यंत्रानेच ओळखून चालकाला सांगावेत, अशी सक्ती कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून केली. १९९६ पासून सर्व कंपन्यांसाठी सारखेच क्रमांक आणि सोळा टाचण्यांची सारखीच जोडणी ठरली. तोपर्यंत मात्र ज्याची त्याची भाषा वेगळी होती. त्यांतली जनरल मोटर्सच्या पिकअपची पद्धत आम्हाला फार आवडते, कारण तिला कोणतेही उपकरण लागत नाही. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या कडेला बारा घरांची एक जोडणी असते. तिच्या वरच्या ओळीतील उजव्या टोकाची दोन घरे, ए आणि बी, कागदाला लावायच्या यू-पिनेने जोडायची, किल्ली फिरवायची, पण इंजिन चालू करायचे नाही. मग दिवा लुकलुकू लागतो. एक उघडझाप, थोडा थांबा, मग दोन उघडझापा: हा झाला १२. असे तीनदा. त्यानंतर साठवलेले दोष असतील तर प्रत्येक क्रमांक तीन-तीनदा, आणि शेवटी पुन्हा १२.

या १२ला घाबरण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ ‘इंजिन फिरत असल्याचे ठोके मला मिळत नाहीत’. इंजिन बंदच आहे, तेव्हा तक्रार अगदी रास्त आहे! दिवा, तारा आणि काँप्युटर शाबूत असल्याची ती पावती समजायची.

आता खरी गंमत. क्रमांक पाहिला की आपण भागाचे नाव शोधतो. पण काँप्युटरला भाग दिसतच नाहीत. त्याला दिसतात फक्त तारांवर येणारी व्होल्टेज. १५ या क्रमांकाचे उदाहरण घेऊ. पुस्तिकेप्रमाणे त्याचा अर्थ ‘इंजिनाच्या पाण्याचे तापमान फार कमी’. तापमान मोजायला तिथे थर्मिस्टर असतो. त्याचा रोध २० अंशांना सुमारे ३५०० ओहम, तर १०० अंशांना अवघा १८०च्या आसपास. आणि उणे ४० अंशांना एक लाखाच्या घरात. आता त्याची तार तुटली तर? रोध अनंत. काँप्युटरच्या लेखी तुटलेली तार आणि ध्रुवावरची थंडी यांत फरक नाही. गार इंजिनाला द्यावे तसे जादा पेट्रोल तो तापलेल्या इंजिनाला देत राहतो.

दोष सेन्सरमध्ये आहे की तारेत, हे शोधण्याची युक्ती सोपी आहे. सेन्सरपाशी जोडणी सोडवायची आणि तिची दोन टोके एका तारेने जोडायची. आता रोध शून्य, म्हणजे ‘पाणी अतिशय तापले’. १५ ऐवजी उलटा क्रमांक १४ साठवला गेला, तर काँप्युटर आणि सगळ्या तारा ठीक आहेत, दोष सेन्सरमध्येच. तरीही १५च राहिला, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. तार तुटली आहे किंवा काँप्युटर बिघडला आहे. पाच मिनिटांचा प्रयोग, आणि उत्तर काहीही आले तरी आपण पुढेच जातो. ३३चेही असेच. तो इंजिनातील हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरच्या नावावर आहे, पण अनेकदा कारण असते त्याच्याकडे जाणारी चिरलेली रबरी नळी.

आता पुन्हा ४४कडे. सेन्सरचे व्होल्टेज बराच वेळ सुमारे ०.२च्या खालीच राहिले, इतकेच तो सांगतो. सेन्सरची तार तुटली असती तर काँप्युटरने स्वतःहून धरलेले ०.४५ तसेच स्थिर राहिले असते आणि त्यासाठी १३ हा वेगळा क्रमांक आहे. तेव्हा सेन्सर बहुधा काम करत होता आणि ‘धुरात ऑक्सिजन आहे’ असे प्रामाणिकपणे सांगत होता. (त्याची तार कुठे खरचटून गाडीच्या सांगाड्याला टेकली असेल तरी ४४ येईल, पण ती तपासून झाली होती.) प्रश्न असा, की हा ऑक्सिजन आला कुठून? पेट्रोल खरेच कमी पडत असेल, हे एक कारण. सेन्सरच्या आधी धुराच्या नळीला भोक असेल आणि तिथून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, हे दुसरे. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि नळ्या झपाट्याने गंजतात, म्हणून आम्हाला आधी याचाच संशय आला. तो चुकीचा ठरला.

पेट्रोलच्या वासाने तिसऱ्या कारणाकडे बोट दाखवले. सहापैकी एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नसेल, आपले मेकॅनिक म्हणतात तसे इंजिन ‘मिसिंग’ मारत असेल, तर त्यातली हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतील. हवेत २१ टक्के ऑक्सिजन; त्याचा सहावा भाग म्हणजे एकूण धुरात ३.५ टक्के. एरवी तो एक टक्क्याहूनही कमी असतो. सोबत कच्चे पेट्रोलही आहे, पण सेन्सरच्या चिमुकल्या प्लॅटिनमवर ते सगळे जळत नाही. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. नाक पेट्रोल ओळखते, ऑक्सिजन नाही. काँप्युटरने सेन्सरचे ऐकले आणि धडधाकट असलेल्या पाच सिलिंडरांनाही जादा पेट्रोल पाजले. असेच चालू राहिले असते, तर न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकात जाऊन जळाले असते आणि त्याची चिनीमातीची जाळी वितळण्यापर्यंत मजल गेली असती. तो भाग सेन्सरच्या कितीतरी पट महाग.

स्नेह्यांना आम्ही रात्री अंधारात बॉनेट उघडून, हात न लावता, चालू इंजिनाकडे पाहायला सांगितले. एका प्लगची वायर धुराच्या तापलेल्या नळीला टेकून तिचे आवरण जळाले होते आणि ठिणगी तिथेच लोखंडावर उडताना दिसत होती. वायर बदलली, काँप्युटरचा फ्यूज थोडा वेळ काढून जुनी नोंद पुसली, दिवा परत लागला नाही.

आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे नव्या स्कूटरींवर इंजिनाच्या चित्राचा दिवा आला आहे. ‘सेन्सर गेला’ हे वाक्य आता गावोगावच्या गॅरेजांत ऐकू येते. ते ऐकल्यावर “कशावरून?” असे विचारायला हरकत नाही.

स्नेही पुण्यात आले तेव्हा काढून टाकलेल्या सेन्सरांपैकी एक बरोबर घेऊन आले. आम्ही प्रयोगशाळेत तो लांब चिमट्यात धरला, वायर आणि धातूचे अंग मल्टिमीटरला जोडले आणि टोक गॅसच्या ज्योतीत नेले. मिनिटभर काहीच नाही. मग आकडा चढू लागला आणि ०.८च्या वर जाऊन थांबला. ज्योत बाजूला केली, की क्षणात ०.१च्या खाली. पुन्हा ज्योत, पुन्हा ०.८. भंगारात असा एक तारेचा सेन्सर मिळाला, तर शिक्षकांनी स्वतः हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. मात्र टोक नंतर बराच वेळ तापलेले राहते.