घरात रबराचे झाड ठेवताना

वस्तीत आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला आता एक नवा प्रश्न येतो : "ताई, हवा शुद्ध करणारं कोणतं झाड घरात ठेवू?" कोणीतरी मोबाईलवर पाहिलेले असते. झाड जरूर ठेवा. हवेचे मात्र आधी स्पष्ट सांगतो.

१९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून प्रयोग केले, तिथून ही गोष्ट पसरली. आपले घर बंद पेटी नाही. २०१९ मध्ये संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा तपासला. घरात नेहमी जी हवा आत-बाहेर होते, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला निदान १० झाडे लागतील, असे निघाले. म्हणजे १० बाय १० फुटांच्या खोलीत नव्वदेक कुंड्या. मग माणसांनी झोपायचे कुठे? चुलीचा धूर असो की घरात कोणाला क्षयरोगाचा खोकला असो, उपाय उघडी खिडकी हाच. कुंडीसाठी खिडकी अडवू नका.

कमी देखभालीत टिकणारे झाड म्हणून आम्ही रबराचे झाड सुचवतो. हे ईशान्य भारतातले. मेघालयात खासी लोक याच झाडाची जिवंत मुळे वळवून ओढ्यांवर पूल करतात. हे पिंपळाच्याच वंशातले आहे. कोणी विचारते, मग घरात पिंपळच का नको? पिंपळाला भरपूर ऊन लागते आणि त्याची मुळे भिंत फोडतात. तो विहाराच्या मोकळ्या अंगणात शोभतो.

कुंडी विकत घ्यायची गरज नाही. रंगाच्या जुन्या बादलीला बुडाला पाच-सहा छिद्रे पाडा. आपली काळी माती एकटी भरू नका. ती पाणी धरून ठेवते, मुळे सडतात आणि सुकली की भेगा पडतात. माती, रेती, कुजलेले शेणखत सारखे मिसळा. उजेड येईल अशा जागी, पण टिनाच्या तापल्या भिंतीपासून दूर ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा कूलरचा झोतही थेट झाडावर नको.

बोट दोन पेरे मातीत घाला. कोरडे लागले तरच पाणी. झाड तहानेने क्वचित मरते, जास्त पाण्याने मरते.

पाणी कोणते, हेही आपल्या भागात महत्त्वाचे. बाळापूर तालुक्यातली बरीच गावे खारपाणपट्ट्यात आहेत. बोअरच्या खाऱ्या पाण्याने मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात. जारच्या प्लांटमधून वाया जाणारे पाणी तर आणखी खारे असते. शक्य तेव्हा नळाचे गोडे पाणी द्या आणि पावसाळ्यात एखाद्या दिवशी कुंडी पावसात ठेवा, साचलेला खार खालून वाहून जातो.

आता खरी काळजीची गोष्ट : कुंडीखालची ताटली. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. अंडी कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहिली तरी पाणी मिळताच जगतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. दर रविवारी ताटली, कूलरची टाकी आणि मनीप्लांटची बाटली रिकामी करून काथ्याने घासा. घरात कोणाला जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पान किंवा फांदी तोडली की पांढरा चीक निघतो. त्याने त्वचेला खाज आणि डोळ्यांना जळजळ होते. गिळला तर पोट बिघडते. रांगत्या लेकरांच्या हाताला येणार नाही अशी कुंडी ठेवा. पानावरची धूळ महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसली की पुरे.

झाड छताला लागले तर शेंडा कापा. चीक धुऊन तो पावसाळ्यात ओलसर रेतीत लावला तर मुळे फुटतात, शेजारच्या ताईंकडे एक रोप होते. पाण्याच्या बाटलीत लावलात, तर त्या बाटलीलाही रविवार लागू.