कचेरीची डाक आणि खिशांतील यंत्र

स्मार्टफोन घेण्यासाठीं दुकानांत गेलेल्या गृहस्थाला दुकानदार प्रथम कॅमेऱ्याची करामत दाखवितो, मग पडद्याची झळाळी दाखवितो, आणि शेवटीं हप्त्यांचा हिशेब मांडतो. गृहस्थाची मुख्य गरज मात्र पुष्कळदां निराळीच असते. कचेरीचें पत्र वेळेवर हातीं पडावें, त्याचें उत्तर चटकन् देतां यावें, आणि तें भलत्याच्या दृष्टीस पडूं नये, एवढेंच त्याला हवें असतें. या गरजेविषयीं दुकानांत फारसें बोलणें होत नाहीं. घरीं आल्यावर वाद सुरू होतो तो असा, कीं आयफोन चांगला, कां अँड्रॉइडचा फोन चांगला? मुलगा एक म्हणतो, जांवई दुसरें म्हणतो, आणि दोघेही आपापल्या खिशांतील यंत्राची वकिली करितात.

वस्तुतः कचेरीच्या ई-मेलपुरतें पाहिलें तर यंत्राची परीक्षा तीन प्रश्नांनीं होते. पत्र यंत्रापर्यंत कोणत्या वाटेनें येतें? त्या पत्रांच्या पेटीची किल्ली कोणाच्या हातीं राहते? आणि यंत्राच्या कार्यप्रणालीची, म्हणजे लोक जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिची, डागडुजी तिचा कर्ता किती वर्षें करणार आहे? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याला ठाऊक आहेत, त्याला कोणतें यंत्र घ्यावें हें दुकानदारास विचारावें लागत नाहीं.

पहिल्या प्रश्नासाठीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ई-मेलचें मूळ पत्र सामान्यतः फोनमध्यें नसतें. तें सर्व्हर नांवाच्या दूरच्या संगणकावर असतें. फोन ही त्या कोठाराची केवळ एक खिडकी आहे. जुन्या 'पॉप' पद्धतींत यंत्र सर्व्हरवरून पत्रें उचलून आणी आणि बहुधा तेथील प्रत नाहींशी होई. त्यामुळें कचेरींतील संगणकानें उचललेलें पत्र घरच्या यंत्रावर दिसत नसे. 'आयमॅप' पद्धतीचा आरंभ १९८६ सालीं झाला. तींत मूळ पत्र सर्व्हरवरच राहतें, आणि एका ठिकाणीं वाचलेलें पत्र दुसऱ्या ठिकाणींही वाचलेलें म्हणून दिसतें. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज' पद्धतींत पत्रांबरोबर भेटींच्या वेळा आणि लोकांचे पत्तेही असेच एकत्र राहतात.

आतां पत्र आलें हें फोनला कळतें कसें? याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत घरचा गडी दर पाव तासाला टपालकचेरींत जाऊन 'आमचें कांहीं आलें आहे काय?' असें विचारतो. दुसऱ्या प्रकारांत पत्र येतांच टपालवाला दारावर थाप मारतो. पहिल्या प्रकारांत बॅटरी हेलपाट्यांत खर्च होते आणि पत्रही उशिरा हातीं येतें. दुसऱ्या प्रकारांत दोन्ही वांचतात. पण दारापर्यंत येणारी वाट सदैव खुली राखणारा कोणी तरी असावा लागतो.

ही वाट प्रथम लौकिकास आणिली ती 'ब्लॅकबेरी'नें, आणि तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कॅनडांतील वॉटर्लू येथें माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोघांनीं १९८४ सालीं 'रिसर्च इन मोशन' ही कंपनी काढली. १९९९ सालीं तिनें पेजरएवढें एक यंत्र बाजारांत आणिलें. त्यावर बोलतां येत नसे. दोन अंगठ्यांनीं बारीक बटनें दाबून ई-मेल लिहितां येई. कचेरींत पत्र आलें कीं तेथें बसविलेला ब्लॅकबेरीचा सर्व्हर त्याला सांकेतिक लिपीचें कुलूप घाली आणि कंपनीच्या मध्यवर्ती केंद्रामार्फत तें मालकाच्या खिशांत पोंचवी. वकील, पेढीवाले आणि सरकारी अधिकारी या यंत्रावर लुब्ध झाले. २००९ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले बराक ओबामा यांनींही सुरक्षिततेची विशेष तरतूद करून आपला ब्लॅकबेरी जवळ ठेविला. २०१० सालीं भारत सरकारनें राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठीं या पत्रव्यवहाराची तपासणी करण्याची सोय मागितली. तेव्हां कंपनीनें उत्तर दिलें कीं, कचेऱ्यांच्या पत्रांच्या किल्ल्या कंपनीपाशीं नाहींतच. त्या ज्या त्या कचेरीपाशीं आहेत.

परंतु ज्या मध्यवर्ती केंद्रामुळें हें सारें साधत होतें, तेंच या व्यवस्थेचें मर्मस्थान ठरलें. ऑक्टोबर २०११ मध्यें तेथील एक मुख्य स्विच बिघडला, आणि त्याच्या जागीं उभें राहावयाच्या यंत्रणेनें आयत्या वेळीं दगा दिला. युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारत येथील ग्राहकांची डाक अनेक दिवस खोळंबली, आणि पुढें अमेरिकेलाही त्याची झळ लागली. तोंपर्यंत मोठ्या कांचेचे नवे फोन लोकप्रिय झाले होते. २०१६ सालीं कंपनीनें स्वतः फोन बनविण्याचें सोडून दिलें, आणि ४ जानेवारी २०२२ रोजीं जुन्या ब्लॅकबेरी यंत्रांना आधार देणाऱ्या सेवा बंद केल्या. त्या दिवशीं कित्येकांचीं यंत्रें अंगानें ठणठणीत होतीं; तरीही त्यांच्या संदेशांचा किंवा साध्या बोलण्याचाही भरंवसा उरला नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज १० मोबाइल' या प्रणालीची डागडुजीही २०२० च्या आरंभीं थांबली. ई-मेलसाठीं उत्तम म्हणून नांवाजलेलें यंत्रसुद्धां पाठीशीं कर्ता नसला कीं निकामी होतें, हा यांतील धडा.

आज बाजारांत प्रत्यक्षांत दोनच प्रणाली उरल्या आहेत. ॲपलचा आयफोन जून २००७ मध्यें विक्रीस आला, तेव्हां त्याला कचेऱ्यांच्या एक्स्चेंज पद्धतीशीं थेट जोडण्याची सोय नव्हती. ती जुलै २००८ मध्यें मिळाली. गूगलच्या अँड्रॉइडचा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्यें आला, आणि कचेरीला दुरून फोन पुसून टाकण्याची सोय त्या प्रणालींत २०१० सालीं आली. दोन्ही भावंडें डाकेच्या कामासाठीं जन्मलीं नव्हतीं. तें काम तीं मागाहून शिकलीं.

वाटेच्या प्रश्नांत आज या दोघांत मोठा भेद नाहीं. घोंटाळा होतो तो जोडणींत. आयफोनमध्यें ॲपलच्याच 'मेल' ॲपला साधें मोफत जीमेल खातें जोडलें, तर टपालवाला दारावर येत नाहीं. गड्यालाच हेलपाटे घालावे लागतात, आणि दोन खेपांत निदान पंधरा मिनिटें जातात. कारण गूगलनें २०१३ च्या आरंभीं मोफत खात्यांच्या नव्या जोडण्यांसाठीं ती जुनी वाट बंद केली. तेंच खातें गूगलच्या स्वतःच्या जीमेल ॲपमध्यें उघडलें कीं पत्राची वर्दी तत्काळ मिळते. अँड्रॉइडची अडचण निराळी आहे. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून स्वस्थ पडलेल्या फोनला बॅटरी राखण्यासाठीं झोंपविलें जातें. कांहीं फोन बनविणारे त्यावर आपले आणखी निर्बंध घालतात, आणि सकाळचीं पत्रें दुपारीं एकदम येऊन कोसळतात. अशा वेळीं फोन बदलण्याचें कारण नाहीं. सेटिंग्जमध्यें बॅटरीच्या सदरांत जाऊन ई-मेलच्या ॲपला निर्बंधांतून वगळावें, म्हणजे बहुधा तक्रार मिटते.

दुसरा प्रश्न किल्लीचा, आणि कुटुंबाच्या दृष्टीनें तोच सर्वांत नाजुक आहे. स्वतःच्या पैशानें घेतलेल्या फोनवर कचेरीचें खातें जोडतांना पडद्यावर एक लांबलचक संमतिपत्र येतें, आणि बहुतेक लोक तें न वाचतां मान्य करितात. एक्स्चेंजच्या जुन्या पद्धतीनें खातें जोडल्यास या संमतीबरोबर संपूर्ण फोन दुरून पुसून टाकण्याचा अधिकारही कचेरीच्या हातीं जाऊं शकतो. फोन चोरीस गेला तर हा अधिकार उपकारक ठरतो, कारण कचेरीचीं गुपितें वांचतात. पण एखाद्यानें नोकरी सोडली आणि कचेरीनें त्याच आज्ञेनें खातें बंद केलें, तर पत्रांबरोबर मुलांचीं छायाचित्रें, घरचे पत्ते आणि हिशेबही पुसले जावयाचे. भाडेकरूनें खोली सोडतांना घरमालकाचें सामानसुमान बाहेर फेंकावें, तसाच हा प्रकार.

यावरील उपाय दोन्ही प्रणालींनीं योजिले आहेत. अँड्रॉइडमध्यें २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीपासून 'वर्क प्रोफाइल' नांवाचा स्वतंत्र कप्पा करितां येतो. त्यांतील ॲपच्या चिन्हांवर लहानशी बॅग दिसते. स्वतःच्या मालकीच्या फोनवर कचेरीला पुसतां येतो तो एवढाच कप्पा. बाहेरचीं छायाचित्रें तिच्या दृष्टीसही पडत नाहींत. आयफोनमध्यें असा निराळा कप्पा डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु २०१३ पासून कचेरीचीं ॲप आणि घरचीं ॲप यांच्यांत कागदपत्रांची देवघेव रोखतां येते, आणि २०१९ पासून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कचेरीचा अधिकार कचेरीच्या मजकुरापुरताच ठेवण्याची पद्धतही आहे. ज्याला दोन्ही संसार डोळ्यांपुढें स्पष्ट वेगळे हवे असतील, त्याला अँड्रॉइडची रचना सोपी वाटेल. ज्याला ही व्यवस्था पडद्यामागें झालेली चालेल, त्याला आयफोन पुरेल. मात्र ही सोय कचेरीनें चालू केली असेल तरच लाभते. म्हणून संमति देण्यापूर्वीं कचेरीच्या संगणक विभागाला लेखी विचारावें: 'माझ्या फोनवरील काय पुसण्याचा अधिकार आपल्याकडे राहील?' हा प्रश्न विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. घर भाड्यानें देतांना करारपत्र वाचावें, इतकाच त्यांत शहाणपणा आहे.

तिसरा प्रश्न आयुष्याचा. प्रणालींतील छिद्रें बुजविण्याचें काम थांबलें कीं कचेरी त्या फोनला आपल्या डाकेपासून दूर ठेवूं लागते. नव्या रीतींशीं जुळवून घेणें हाही त्याच कामाचा भाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनें आपल्या ऑनलाइन एक्स्चेंजमध्यें केवळ नांव आणि परवलीचा शब्द घेऊन आंत सोडण्याची जुनी रीत बंद करण्यास आरंभ केला. ज्या जुन्या ॲपना नवी रीत शिकविली गेली नव्हती, तीं दाराबाहेर राहिलीं. या बाबतींत आयफोनचा लौकिक जुना आहे: २०१५ चें 'सिक्स-एस' हें यंत्र २०२१ सालच्या नव्या आवृत्तीपर्यंत चाललें. अँड्रॉइडच्या जगांत हें फोन बनविणाऱ्यावर अवलंबून असतें. गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ ला, आणि सॅमसंगनें २०२४ च्या गॅलॅक्सी एस २४ ला, सात वर्षें नव्या आवृत्त्या देण्याचें वचन दिलें. अनेक स्वस्त फोनांना मात्र याहून पुष्कळच थोडीं वर्षें मिळतात. म्हणून किंमतीला वर्षांनीं भागून पाहावें. दहा हजारांचा फोन दोन वर्षांत निरुपयोगी झाला, तर तो सात वर्षें चालणाऱ्या तीस हजारांच्या फोनाहून महाग पडतो.

या तिहींच्या पलीकडे एक गोष्ट उरते. टपालवाला रात्रीं अकरा वाजतां दार वाजवीत नसे. खिशांतील यंत्र वाजवितें. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरील ई-मेलविषयीं कर्मचाऱ्यांशीं बोलणीं करणें कायद्यानें भाग पडलें. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनीं २०१८ सालीं याच हेतूचें खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें. त्याचा कायदा झाला नाहीं. तेव्हां तूर्त गृहस्थानें फोनमधील सोयींचाच आश्रय करावा. अँड्रॉइडचा कचेरीचा कप्पा एका बोटानें झोंपवितां येतो, आणि सकाळपर्यंत त्यांतील एकही वर्दी येत नाहीं. आयफोनमध्यें २०२१ पासून 'फोकस' ही योजना आहे. तींत कोणत्या वेळीं कोणत्या ॲपनें हांक मारावी हें ठरवितां येतें. पत्र सर्व्हरवर सुरक्षित असतें. तें पळून जात नाहीं.

यासाठीं खरेदीचा क्रम उलटा करावा. प्रथम कचेरीची डाक कोणत्या पद्धतीची आहे हें विचारावें, मग पुसण्याचा अधिकार किती हें विचारावें, मग डागडुजीचीं वर्षें मोजावीं, आणि त्यानंतर दुकानाची पायरी चढावी. एवढें झाल्यावर उरलेल्या फोनांतून कॅमेऱ्याची आणि रंगाची निवड घरांतील मुलांवर सोंपवावयास हरकत नाहीं.