जुईनगरचं आठकोनी पिंप

टेक्सासात राहणारा माझा भाचा दर शनिवारी गॅरेजमध्ये एक ड्रम फिरवत बसतो. ड्रममध्ये पाणी, भांड्यांच्या साबणाची एक पिचकारी, लिंबूसत्त्वाची चिमूट, सव्वादोन किलो पोलादी पिना आणि रेंजवर झाडलेल्या काडतुसांच्या काळ्या पडलेल्या पुंगळ्या. तीन तासांनी तो हे सगळं स्वयंपाकघरातल्या चाळणीत उपसतो. काळ्याकुट्ट पाण्यातून निघालेल्या पुंगळ्या तेव्हा लक्ष्मीपूजनाला घासलेल्या समयांसारख्या दिसतात. पुढच्या रविवारी त्या पुन्हा भरल्या जातात. याची चित्रफीत घरच्या ग्रुपवर आली, तेव्हा माझ्या वहिनीने एकच प्रश्न विचारला, "यात आमची कळशी मावेल का रे?"

हा किस्सा संपादकांच्या कानावर घातला ही माझी चूक. "जुईनगरमध्ये बसून यावर लिहा," ते म्हणाले.

जुईनगरमध्ये काडतूस भरणारं घर शोधणं म्हणजे गुन्हा शोधणं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि त्याच कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. शिवाय आपल्याकडच्या नेमबाजांना या ड्रमचा फारसा उपयोगही नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, ते दोन्ही पॉइंट टू-टूच्या रायफलवर. त्या काडतुसाची ठिणगीची दारू बुडाच्या काठातच भरलेली असते. घोड्याची सुई काठ चेचते आणि बार उडतो. चेचलेला काठ पुन्हा भरून वापरण्याजोगा राहत नाही, त्यामुळे ती पुंगळी थेट भंगारात.

घरी हाताने बार भरण्याची परंपरा आपल्याकडे आहे ती कोकणात. पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक नळीच्या तोंडातून भरतात: आधी दारू, मग बोंदरा, मग छर्रे, आणि गजाने ठासायचं. त्यात पितळच नाही, तर धुणार काय?

महाराष्ट्रात पितळी पुंगळी जन्माला येते ती सरकारी कारखान्यांत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, भुसावळजवळचा वरणगावचा १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेले. त्यांचा इतिहास वाचायला मिळतो, यंत्रं पाहायला मिळत नाहीत. मी ते कागद बाजूला ठेवले आणि सायन-पनवेल महामार्ग ओलांडून शिरवण्याच्या बाजूच्या गाळ्यांमध्ये शिरले. एमआयडीसी १९६२ ची, सिडको १९७० ची. या पट्ट्यात कारखाने आधी आले आणि आमच्यासारखी बिऱ्हाडं मागाहून.

तिथल्या एका गाळ्यात मला भाच्याचा ड्रम सापडला. म्हणजे त्याचा थोरला काका.

गाळ्यात पितळी इन्सर्ट, टर्मिनल आणि ग्लँड येतात. ट्रॉबवर, म्हणजे स्वयंचलित लेथवर, कातलेले, तेलकट, कडांना धारदार बुर आलेले. इथे त्यांची बुर मारून, धुऊन, चमकवून देतात. काम करतं ते एक आडवं आठकोनी पिंप, आतून रबर लावलेलं, दोन फुटी. ते चालवणारे मामा मूळचे पाटणकडचे. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही म्हणू लागले. ते मला ताई म्हणाले आणि आधी पंख्याखालचं स्टूल दिलं.

"आठकोनी का?" मी विचारलं.

"गोल असतं तर माल नुसता तळाशी लोळला असता. भिंतीला धरून थोडा वर जायचा आणि अख्खा गठ्ठाच खाली घसरायचा. कोन असला की तो कोन माल उचलून नेतो."

हे मला बघायला मिळालं. मामांनी झाकण काढून, पाणी न घालता, हाताने पिंप एक फेरा फिरवलं. माल कोनात अडकून वर चढला, एका क्षणी त्याचा तोल गेला, आणि वरचा थर दरड कोसळावी तसा उतारावरून घसरत आला. घासणं होतं ते त्या घसरत्या थरातच. खालचा माल नुसता सोबत फिरतो, आपली पाळी येण्याची वाट पाहत. म्हणून वेळ लागतो. म्हणूनच पिंप गच्च भरायचं नाही, अर्ध्याहून थोडं वर भरायचं. गच्च भरलं तर घसरायला जागा उरत नाही, फारच रिकामं ठेवलं तर तुकडे एकमेकांवर आपटून ठेचतात.

मग वेगाचं गणित. पिंप फार जोरात फिरवलं तर माल कडेला चिकटून पिंपाबरोबरच गरगरतो, एकमेकांवर घासलाच जात नाही. हा वेग व्यासावर ठरतो. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्याने भागा. दोन फुटी पिंपाला मिनिटाला ५५ च्या आसपास फेरे येतात. मामांचं पिंप त्याच्या निम्म्यानेच फिरतं. त्यांनी हे गणित कधी मांडलेलं नाही. पुली त्यांनी आवाजावरून बदलली होती.

आवाज हा त्यांचा मापदंड. सगळं नीट असलं की पिंप तांदूळ धुतल्यासारखं सळसळतं. पाणी कमी पडलं की खणखणतं, साबण जास्त झाला की मुकं होतं, कारण फेस माल झेलतो. आम्ही चहा पीत होतो, ते बोलता बोलता थांबले, उठले आणि दीड तांब्या पाणी ओतून आले. मला फरक ऐकूच आला नव्हता.

मी त्यांना भाच्याची चित्रफीत दाखवली. त्यांना भुरळ पडली ती पिनांची. त्यांच्याकडे पोलादी गोळ्या आणि चिनीमातीचे त्रिकोणी खडे असतात, कारण त्यांच्या तुकड्यांना खोल पोट नसतं. पुंगळीला असतं. आतली काजळी काढायला आणि बुडाच्या खोबणीत, जिथे ठिणगीची टोपी बसते, तिथवर पोचायला बारीक पिनच हवी. सहा मिलिमीटरच्या आसपास लांब, १.२ मिलिमीटर जाड. या जाडीमागे एक चलाखी आहे. टोपीची ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते ते बुडातलं भोक दोन मिलिमीटरचं. एक मिलिमीटरची पिन वापरली तर दोन पिना शेजारी शेजारी त्यात घुसून पाचरीसारख्या बसतात. १.२ च्या दोन मिळून २.४ होतात, त्या एका वेळी शिरूच शकत नाहीत. मामा हे ऐकून खूश झाले आणि समोरच्या लेथवाल्याला हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

(भोक एकच असणं हीसुद्धा एक सोय. एका भोकाची पद्धत बॉक्सर या इंग्रजाची, तीत जुनी टोपी सुईने सहज ढकलून काढता येते. दोन बारीक भोकांची बर्डन या अमेरिकनाची, तिथे सुई चालत नाही. अमेरिकेने मात्र इंग्रजाची उचलली आणि युरोपातल्या बऱ्याच फौजांनी अमेरिकनाची.)

लिंबूसत्त्वाबद्दल मामांना नवल वाटलं नाही. आपल्या आज्यांनी चिंचेने हेच केलं. काळपट थर म्हणजे तांब्याचा ऑक्साइड, तो आम्लात विरघळतो. पण चिमटीचा हात सैल सुटला तर पितळ गुलाबी पडतं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि आम्ल आधी जस्ताला धरतं. वरचं जस्त गेलं की खालचं तांबं डोकावतं. मामांनी खणातून असे चार गुलाबी ग्लँड काढून दाखवले. परत आलेला माल. फेकून दिला नाही, नव्या पोराला दाखवायला ठेवलाय.

इथवर सगळं कौतुकाचं. मग मी पावसाळ्याचा विषय काढला आणि मामांचा चेहरा बदलला.

जूनपासून इथलं पितळ वाळत नाही. उन्हाळ्यात भुशात घोळवून तासाभरात कोरडा होणारा माल जुलैत भुशालाच ओला करतो, आणि ओल राहिलेल्या जागी सकाळपर्यंत तपकिरी ठिपके. त्याहून वाईट म्हणजे तडा. हे दुखणं जुनं आहे आणि काडतुसांशी त्याचं थेट नातं आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात साठवणीतच उभी चिरायची. तबेल्यांमध्ये ठेवलेल्यांना हे जास्त व्हायचं. 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं, कारण दोष हवेचा वाटला. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळात दबून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. उपाय म्हणजे अडीचशे अंशांच्या आसपास तापवून तो ताण सोडवणं. चमकवण्याने ताण जात नाही. चकचकीत तुकडाही चिरतो.

म्हणून अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश पुंगळीला लावू नये असं भाचाही सांगतो. मामांना अमोनिया हे कारण ठाऊक नव्हतं, पण गाळ्यामागच्या मुतारीकडची खिडकी त्यांनी पत्रा ठोकून बंद केली आहे. "त्या बाजूला ठेवलेला माल खराब व्हायचा," एवढंच.

आणि शेवटी पाणी. ओल्या पद्धतीचा खरा फायदा असा की धूळ उडत नाही. अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात पुंगळ्या कोरड्या घुसळल्या तर टोपीतल्या दारूचं शिसं धुळीबरोबर नाकात जातं. पाण्यात घुसळल्या की ते पाण्यात जातं. म्हणजे ते गेलं कुठेच नाही, त्याने फक्त भांडं बदललं. मामांच्या मालातही शिसं आहे, कारण ट्रॉबवर सहज कातलं जावं म्हणून त्या पितळात ते तीन टक्क्यांच्या घरात घातलेलंच असतं. वर तांबं आणि जस्त. तांबं पाण्यातल्या बारीक जिवांना अगदी अल्प प्रमाणातही मारक ठरतं, आणि या गटारांचा उतार खाडीकडे आहे. तीच ठाणे खाडी, जिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, जी २०२२ साली रामसर यादीत गेली. फ्लेमिंगोंचे फोटो काढायला मी स्वतः नेरुळच्या पाणथळीवर पहाटे गेलेली आहे. गाळ्यातून निघणाऱ्या पाण्याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

या गाळ्यात ते पाणी निळ्या पिंपात साठवतात, चुना टाकतात, गाळ बसू देतात, वरचं पाणी सामायिक प्रक्रिया केंद्राच्या वाहिनीत सोडतात आणि गाळ गोणीत भरून वेगळा देतात. मालक म्हणाला, हे सगळेच करतात. मामा काही बोलले नाहीत, पिंपाजवळ जाऊन आवाज ऐकत उभे राहिले.

घरी येऊन मी भाच्याला फोन केला. तीन तासांनंतरचं ते काळं पाणी तू कुठे ओततोस? सिंकमध्ये, तो म्हणाला.

हा अंक परदेशातही जातो, म्हणून ज्यांच्या गॅरेजात असा ड्रम आहे त्यांना विनंती: हातमोजे घाला. पाणी आणि गाळ दोन्ही झाकणाच्या डब्यात भरून तुमच्या गावाच्या घातक कचरा केंद्रावर द्या. आणि ती चाळणी स्वयंपाकघरात परत नेऊ नका.