‘स्पिनर’ : एका विमानभागाचे नामकरण

परिभाषा घडविणाऱ्याने शब्दाकडे वळण्यापूर्वी वस्तू नीट पाहावी, हा नियम सर्वांस मान्य असतो. पाळला मात्र क्वचितच जातो. तो न पाळल्याने काय घडते हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एक लहानसा विमानभाग निवडला आहे. छोट्या विमानाच्या नाकाशी, फिरणाऱ्या पंख्याच्या तुंब्यावर बसविलेल्या निमुळत्या कोशास इंग्रजीत ‘स्पिनर’ म्हणतात. त्यास मराठीत काय म्हणावे?

वर्धा जिल्ह्यात हा शब्द उच्चारला की प्रथम सूत डोळ्यांपुढे येते. सेवाग्रामच्या परिसरात चाते, टकळी, पेळू हे शब्द रोजच्या वापरातले होते, आणि १९३८ साली वर्ध्यात उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे आजही पाहावयास मिळतात. हा प्रथमग्रह व्युत्पत्तीच्या दृष्टीने चुकीचाही नाही. इंग्रजीतील ‘स्पिन’ या धातूचा मूळ अर्थ तंतू ओढून पीळ देणे हाच होय. गरगर फिरणे हा अर्थ कित्येक शतकांनंतर त्यातून फुटला. मराठीत मात्र कातणे आणि फिरणे हे दोन स्वतंत्र धातू आहेत, त्यामुळे इंग्रजीतील दुवा येथे जसाच्या तसा उतरत नाही. क्रिकेटने ‘फिरकी’ रूढ केली खरी; परंतु विमानाच्या नाकावर ‘फिरकी’ बसविली तर ती कोणी कोणाची घेतली, असाच प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात येईल.

आता वस्तूकडे वळू. उदाहरणादाखल ‘पुष्पक’ घ्यावे. गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले मराठी अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे हे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये मुख्य अभिकल्पक असताना हे दोन आसनी विमान तयार झाले व १९५८ मध्ये प्रथम उडाले. त्याचे इंजिन ९० अश्वशक्तीचे काँटिनेंटल होते आणि देशातील अनेक फ्लाइंग क्लबांत नवशिक्या वैमानिकांनी त्यावर हात बसविला. या पिढीतील एखादे जुने विमान पुन्हा उड्डाणयोग्य करू पाहणाऱ्याला स्पिनर हवा असतो, तेव्हा केवळ विमानाचे नाव सांगून भागत नाही. कारण स्पिनर आधी पंख्याला बसावा लागतो. विमानाच्या नाकाशी त्याचा मेळ ही त्यानंतरची गोष्ट.

लाकडी पंख्याचा तुंबा जाड असतो, धातूच्या पंख्याचा पातळ. म्हणून एकासाठी केलेला कोश दुसऱ्यावर बसत नाही. पाती बाहेर येण्यासाठी कोशात ज्या खाचा असतात त्यांचा आकार व कोन पात्यांच्या मुळाशी जुळावा लागतो, आणि मध्ये थोडी मोकळीकही राहावी लागते. कोश पात्यास घासला तर पात्यावर ओरखडे उठतात. मागील तबकडीवरील भोके पंख्याच्या बोल्टांच्या वर्तुळावर नेमकी यावी लागतात. कोश केंद्रावर नसेल तर काय होते, हे साध्या गणिताने दिसते. मिनिटास २४०० फेरे, म्हणजे सेकंदास ४०. या वेगाने अक्षापासून १० सेंटिमीटरवर अवघा १० ग्रॅमचा असमतोल राहिला, तरी सुमारे साडेसहा किलोग्रॅम वजनाइतका ओढा प्रत्येक फेऱ्याबरोबर दिशा बदलीत राहतो. अशा कंपनाने पातळ पत्र्यास स्क्रूच्या भोकांपाशी तडे जातात. आपल्याकडील हवामानाची आणखी एक अडचण आहे. वैशाखात लाकूड आक्रसते, श्रावणात फुगते. म्हणून लाकडी पंख्याचे बोल्ट वेळोवेळी तपासावे लागतात, आणि त्यासाठी दर वेळी कोश उतरवून पुन्हा होता तसाच बसवावा लागतो. काही विमानप्रकारांत स्पिनर ऐच्छिक असतो, तर काहींच्या मान्यतापत्रात तो आवश्यक म्हणून नोंदलेला असतो.

भाषेचा खरा पेच येथेच आहे. ‘स्पिनर’ हे नाव कधी केवळ बाहेरच्या कोशाला दिले जाते, तर कधी कोश, मागील तबकडी व असल्यास पुढील आधारपट्टी मिळून होणाऱ्या संपूर्ण संचाला. अंशाचे नाव पूर्णाला देण्याची ही लक्षणा बोलण्यात निरुपद्रवी असते. मागणीपत्रात ती महाग पडते. पूर्ण संच हवा असणाऱ्याच्या हाती तबकडीविना नुसता कोश पडतो, आणि मग जुनी, थकलेली तबकडीच पुन्हा वापरण्याचा मोह होतो.

इतर भाषांनी काय केले? फ्रेंचांनी आकार पाहिला व त्यास पंख्याचा शंकू म्हटले. त्यांचे वैमानिक मात्र बोलताना त्यास ‘कासरोल’, म्हणजे स्वयंपाकाचे भांडे, म्हणतात. जर्मनांनी कार्य पाहून टोपीवाचक ‘हाउबं’ हा शब्द योजला, पण इंग्रजी ‘स्पिनर’ही त्यांच्यात चालतो, आणि तोही त्यांच्या बोलीत त्याच शब्दाचा अर्थ चक्रम माणूस असा असताना!

मराठीत ‘नासाशंकू’ हा संस्कृतनिष्ठ पर्याय सुचेल, पण तो क्षेपणास्त्राच्या न फिरणाऱ्या अग्रासाठी राखणे बरे. ‘भोवरा’ आकाराने व गतीने चपखल आहे. परंतु विमान गोते खात, गरगरत खाली येते त्या घातक अवस्थेस इंग्रजीत ‘स्पिन’ म्हणतात, आणि मराठीत लिहिणाऱ्याची लेखणी तेथेही भोवऱ्याकडेच वळते. शिकाऊ वैमानिकाच्या पुस्तकात या दोन कल्पनांना एक शब्द देणे सर्वथा अयोग्य होय. ‘झाकण’ इंजिनाच्या आवरणाशी गोंधळते. माझ्या मते ‘टोप’ हा शब्द सर्वांत बरा. त्याचा अर्थ शिरस्त्राण असा आहे. अन्यत्र तो स्वयंपाकाच्या भांड्यालाही लावतात, हा फ्रेंचांशी घडलेला गमतीदार योगायोग. विदर्भात त्या भांड्याला गंज म्हणत असल्याने येथे तोही घोटाळा नाही.

मात्र ‘पंखटोप’ असा समास करू नये. ‘पंख’ म्हणजे विमानाचा बाजूचा पंख, आणि पंखटोप म्हणजे त्या पंखाच्या टोकाचे आवरण, असाच बोध होईल. ‘पंख्याचा टोप’ हे षष्ठीचे रूप लांब असले तरी निःसंदिग्ध आहे. संपूर्ण जोडणीस ‘टोपसंच’ व मागील भागास ‘पाठतबकडी’ म्हणावे. मागणीपत्रावर मात्र ‘स्पिनर’ हाच शब्द राहू द्यावा, आणि त्याच्यापुढे पंख्याचा नमुना व सुट्या भागाचा क्रमांक लिहावा.