पुरण आहे, गूळ नाही

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजाराबाहेर एक बाई काचेची पेटी घेऊन उभी होती. आत पिवळसर पोळ्यांची चळत. "‘एन पेर’ म्हणा, मॅडम," आमच्या ड्रायव्हरने हिंदीतून शिकवलं. एन पेर म्हणजे एक जोडी. मॉरिशसमध्ये ढोलपुरी मागायची ती जोडीनेच. शिजवून वाटलेली डाळ, हळद, जिरं, वरून मैद्याचं पातळ आवरण. आपली पुरणपोळीच, पण गुळाशी भांडलेली! तीवर घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं ‘रुगाय’ आणि झणझणीत मिरची घालून बाई कागदात गुंडाळून देते. खायची उभ्यानेच. ओघळ मनगटापर्यंत येतो.

ही मूळची बिहारकडची दालपुरी. २ नोव्हेंबर १८३४ रोजी उसाच्या मळ्यांसाठी आणलेले गिरमिटिये मजूर याच बंदरात उतरले. त्यांच्या खुणा जपणारा आप्रवासी घाट बाजारापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. २००६पासून तो जागतिक वारसा आहे. पुढे कोकणातूनही माणसं गेली. आमच्या ड्रायव्हरचे पणजोबा त्यांतलेच. त्याला मराठी बोलता येत नाही, गणपतीची आरती मात्र तोंडपाठ! गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

मी रत्नागिरीची. त्यामुळे फ्लिक-आं-फ्लाकचा गप्प समुद्र पाहून आधी हिरमोडच झाला. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, लाटा त्यावरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं राहतं. पोहायला उत्तम, पण पायात रबरी बूट हवेत, प्रवाळ कापतं. दक्षिणेला ग्रीग्रीपाशी हे कडं तुटलेलं आहे. तिथे समुद्र गर्जतो, मला तो लगेच ओळखीचा वाटला. तिथे पाण्यात मात्र उतरू नये. जून ते सप्टेंबर तिकडे हिवाळा. तेव्हा आग्नेयेचे वारे पूर्व किनारा झोडपतात, म्हणून मुक्काम पश्चिमेला करावा.

खरेदीचं थोडक्यात सांगते. व्हॅनिलाच्या शेंगा, बुआ शेरीचा व्हॅनिला चहा आणि काकवीच्या वासाची तपकिरी साखर, एवढं पुरे. बाकी सगळ्या वस्तूंवर डोडोचं चित्र असतं. बिचारा पक्षी सतराव्या शतकातच संपला, धंदा अजून चालू आहे.

बाजारात सब्जा घातलेला दुधाचा ‘आलुदा’ प्या, पण ढोलपुरी खाल्ल्यावर. आम्ही तिसऱ्या प्रहरी पुन्हा तिथे गेलो, तर पेटी रिकामी होती. तुम्ही सकाळीच जा.