विश्वासाची पाळेमुळे : लेखांक ६ – फळावरून झाड

मागच्या आठवड्यात आपण पश्चात्तापाचा विचार केला. पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांत पाणी येणे एवढेच नव्हे, तर पाऊलवाट बदलणे, हे पाहिले. त्याला लागूनच आजचा प्रश्न येतो. वाट बदलली हे ओळखायचे कशावरून? बाप्तिस्म्याची नोंद मंडळीच्या वहीत असते, उपासनेत आपण साक्षही देतो. पण घरच्या माणसांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती वही दिसत नाही. त्यांना आपण दिसतो.

लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. यरीहोचा हा मुख्य जकातदार गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून झाडावर चढला होता. येशू त्याच्या घरी उतरला आणि जक्कयाने अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देऊ केली. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो म्हणाला. मोशेच्या नियमशास्त्रात आपला अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि त्यावर पाचवा हिस्सा भरून द्यावा, असे होते. जक्कयाने नियमाला पुरेल एवढेच मोजले नाही. क्रमही ध्यानात घ्या. येशू आधी घरी आला, तिजोरी नंतर उघडली. त्याने दिले ते कृपा विकत घेण्यासाठी नव्हे, कृपा मिळाली म्हणून. फळे लागल्यामुळे झाड जिवंत होत नाही. ते जिवंत असते म्हणून फळे लागतात.

आता आपल्या मराठी मुलखाकडे येऊ. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडमध्ये होत्या. तिथल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेले एक सेवागृह दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तिथे राहत होत्या, आणि त्या भगिनी त्यांची मायेने देखभाल करत होत्या. अशा स्त्रियांना दया दाखवायची नसते, असेच रमाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. ही माया येते कुठून, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट सांगितली. रमाबाईंना ख्रिस्ताकडे ओढणाऱ्या गोष्टींत ही एक मोठी होती. वादविवादात भल्याभल्या पंडितांना न हटणारी ही विदुषी दुसऱ्याच्या बदललेल्या जीवनापुढे थबकली.

त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले की, त्यानंतरही काही वर्षे आपल्याला धर्म लाभला होता, स्वतः ख्रिस्त मात्र लाभला नव्हता. एवढ्या मोठ्या बाईने हे कबूल करावे, याचेच मला फार मोल वाटते. स्वतःला असे तपासणे हेही जिवंत विश्वासाचेच लक्षण आहे.

आणि मग फळ दिसले. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील अन्नावाचून गेले होते. 1896 मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. फुलहॅममध्ये जे डोळ्यांनी पाहिले होते, तेच कृपा सदनाच्या रूपाने तिथे अवतरले. टाकलेल्या स्त्रियांना हक्काचे घर मिळाले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि त्याच्या छपाईत आश्रमातल्या स्त्रियांचे हात लागले. जिला गावाने दारात उभे केले नाही, तिच्या बोटांनी देवाच्या वचनाचा खिळा न् खिळा जुळवला. याहून निराळा पुरावा मी काय देऊ?

मात्र ही मोजपट्टी शेजाऱ्याला लावू नका, आपल्याला लावा. कामवाल्या बाईचा पगार मी वेळेवर देतो का? बांधावरून ज्या भावाशी अबोला धरला, त्याच्या दारी मी आधी जाईन का? माझ्या रागाला घरची लेकरे पूर्वीइतकीच भितात का? गलतीकरांच्या पत्रात पौल नऊ गुण सांगतो, पण त्यांना ‘फळ’ असे एकवचनीच नाव देतो. त्यातला सोपा तेवढा गुण निवडून बाकीचे सोडण्याची सोय नाही.

झाडाला एका रात्रीत फळ धरत नाही. रमाबाईंनाही वर्षे लागली. म्हणून आज फांदी रिकामी दिसली तर हताश होऊ नका, पण मूळ कुठे रुजले आहे ते या आठवड्यात जरूर उकरून पाहा.

(पुढील लेखांकात : विश्वासणारा पडतो तेव्हा – पेत्राचे रडणे आणि परत येणे.)